नाझिम हिकमत : निकालापूर्वीचा बंदिवास

१

तुरुंगात निर्माण झालेल्या साहित्याविषयी आपल्याकडील सर्वच भाषांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. कोठडीतील एकांत, काळाची बदललेली जाणीव, जवळच्या माणसांचा वियोग आणि त्यातून घडत जाणारी शब्दकळा यांचे विवेचन अभ्यासक आवडीने करतात. तथापि हा लेखक त्या कोठडीपर्यंत कोणत्या वाटेने पोचला, त्या वाटेवर एखादे दार होते काय, आणि ते कोणी लावून घेतले, हे प्रश्न वाङ्मयाचा अभ्यासक बहुधा कायद्याच्या अभ्यासकाकडे सोपवून मोकळा होतो. ही कामाची वाटणी सोयीची असली तरी तिच्यामुळे काही कवींची चरित्रे अर्धवट राहतात. तुर्की कवी नाझिम हिकमत याचे चरित्र त्यांपैकी एक होय.

विसाव्या शतकातील तुर्की कवितेला मुक्तछंद देणारा हा कवी १७ जानेवारी १९३८ रोजी इस्तंबूलमध्ये पकडला गेला आणि १५ जुलै १९५० रोजी सुटला. ही साडेबारा वर्षे त्याच्या सर्व चरित्रांत शिक्षेची वर्षे म्हणून नोंदली जातात. पण बारकाईने पाहिले तर त्यांतील पहिले काही महिने शिक्षेचे नव्हते. तो तेव्हा केवळ आरोपी होता. आणि तोही सैनिक नसलेला, लष्करी न्यायालयापुढे उभा केलेला आरोपी. निकालापूर्वी त्याला मोकळे ठेवावे की नाही, हा मुलकी न्यायालयात सहज उद्भवणारा प्रश्न तेथे व्यवहारात शिल्लकच राहिला नव्हता. त्या काही महिन्यांकडे दुर्लक्ष केले तर पुढील बारा वर्षांचा अर्थ नीट लागत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्या दृष्टीने या कवीचे आयुष्य येथे पुन्हा एकदा सांगावयाचे आहे.

२

नाझिमचा जन्म त्या काळी उस्मानी साम्राज्यात असलेल्या सालोनिका शहरी २० नोव्हेंबर १९०१ रोजी झाला. वर्ष संपता संपता जन्मलेल्या मुलाचे वय उगाच एका वर्षाने वाढू नये म्हणून घरच्यांनी त्याची जन्मतारीख १५ जानेवारी १९०२ अशी धरली, आणि पुढे तीच रूढ झाली. आजोबा नाझिम पाशा हे निरनिराळ्या प्रांतांचे राज्यपाल होते. मौलवी पंथाकडे त्यांचा ओढा होता आणि ते स्वतः कविता करीत. आई जेलीले हानिम चित्रकार होती. तिच्या बाजूचा एक पूर्वज पोलंडमधून परागंदा होऊन आलेला आणि पुढे उस्मानी सैन्यात पाशापदाला चढलेला गृहस्थ होता. सुखवस्तू, सुशिक्षित, राज्यकर्त्या वर्गाशी आणि सैन्याशी निकटचे नाते असलेले असे हे घराणे होते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात नाझिम हेयबेली बेटावरील नौदल विद्यालयात दाखल झाला. कोवळ्या वयात लिहिलेली त्याची एक देशभक्तिपर कविता नौदलमंत्री जेमाल पाशा यांच्या कानी पडली आणि त्यांच्याच शब्दावरून हा प्रवेश मिळाला, असे चरित्रकार सांगतात. विद्यालय संपवून तो हमीदिये या युद्धनौकेवर रुजू झाला. परंतु फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन तो इतका आजारी पडला की १९२१ मध्ये त्याला सेवेस अपात्र ठरवून नौदलातून कायमचे मुक्त करण्यात आले. ही घटना वाचकाने लक्षात ठेवावी. ज्या सैन्याने त्याला एकदा आपल्यातून वगळले, तेच पुढे दोनदा त्याच्यावर आपला अधिकार सांगणार होते.

दोस्तराष्ट्रांच्या ताब्यातील इस्तंबूल सोडून १९२१ च्या प्रारंभी तो मित्र वाला नुरेद्दीन याच्यासह अनातोलियात गेला. स्वातंत्र्ययुद्धात सामील व्हावे ही इच्छा होती. आघाडीवर न पाठवता त्यांना बोलू या गावी शिक्षक म्हणून नेमण्यात आले. तेथून बातुममार्गे तो मॉस्कोला पोचला. पूर्वेकडील श्रमिकांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात त्याने शिक्षण घेतले, मायकोव्हस्कीच्या पिढीची नवी कविता आणि मेयरहोल्डची रंगभूमी जवळून पाहिली. तेथेच त्याच्या ओळी जुन्या अरूझ वृत्ताच्या आणि अक्षरगणनेच्या चौकटीतून बाहेर पडल्या व पायऱ्यांप्रमाणे पानावर उतरू लागल्या.

३

तो १९२४ मध्ये मायदेशी परतला आणि डाव्या विचारांच्या 'आयदिनलिक' या नियतकालिकात लिहू लागला. पुढच्याच वर्षी सुव्यवस्था राखण्याच्या नावाखाली कडक कायदा आला. अंकाऱ्याच्या स्वातंत्र्य न्यायाधिकरणाने १९२५ मध्ये नाझिमला त्याच्या गैरहजेरीत १५ वर्षांची शिक्षा सुनावली. तो तोवर पुन्हा मॉस्कोला निसटला होता. ही न्यायाधिकरणे संसदसदस्यांची बनलेली असत आणि त्यांच्या निर्णयावर अपील नसे. असाधारण न्यायालयाशी नाझिमची ही पहिली ओळख होय.

पुढच्या वर्षीच्या माफीनंतर, १९२८ मध्ये, तो सरहद्दीवरील होपा या गावी उतरला, तेथेच पकडला गेला आणि रिझे, इस्तंबूल, अंकारा अशी न्यायालये पाहून वर्षाखेरीस सुटला. १९२९ मध्ये '८३५ ओळी' हा संग्रह निघाला आणि तुर्की कवितेची भाषा बदलली. १९३१ मध्ये पुस्तकांवरून खटला झाला. इस्तंबूलच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. १९३३ मध्ये पुन्हा अटक, बुर्साच्या न्यायालयात शिक्षा, आणि प्रजासत्ताकाच्या दहाव्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या सवलतीमुळे १९३४ मध्ये सुटका. १९३६ च्या अखेरीस आणखी एक खटला सुरू झाला. १९३७ मध्ये त्यातूनही तो निर्दोष सुटला.

या यादीत कवीच्या छळाची कहाणी आहे हे खरेच. परंतु तिच्यात दुसरीही एक गोष्ट आहे. हे खटले कितीही अन्याय्य असले तरी ते बहुतांशी साध्या फौजदारी न्यायालयांत चालले. तुर्कस्तानने १९२९ मध्ये जर्मन धर्तीवर स्वीकारलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आरोपीला तारणावर मोकळे ठेवण्याची कल्पना होती. न्यायाधीश मुलकी होते. वृत्तपत्रांत बातमी येई. आणि पुरावा अपुरा असेल तर आरोपी सुटूही शके. नाझिम एकाहून अधिक वेळा सुटला होता. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने पाहिले तर मुलकी न्यायालयांनी या माणसाचा बंदोबस्त करण्यात अपयश मिळवले होते. १९३८ मध्ये जे घडले त्याची पार्श्वभूमी ही आहे.

४

अंकाऱ्याच्या सैनिकी विद्यालयातील काही छात्र नाझिमची पुस्तके वाचत. ती पुस्तके दुकानांत उघडपणे विकली जात. त्यांपैकी 'शेख बद्रुद्दीनची गाथा' हे काव्य १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पंधराव्या शतकाच्या आरंभी उस्मानी सत्तेविरुद्ध उठलेल्या आणि फाशी गेलेल्या एका विद्वान शेखाची ही कथा नाझिमला बुर्साच्या तुरुंगात एक जुनी पुस्तिका वाचताना सुचली होती. त्याच्या हयातीत तुर्कस्तानात निघालेले त्याचे ते शेवटचे काव्यपुस्तक ठरले.

ओमेर देनिझ नावाचा एक छात्र गणवेशातच नाझिमला भेटावयास आला. हा पोलिसांनी पाठवलेला हेर असावा अशी शंका येऊन नाझिमने त्याला वाटेला लावले आणि अशी माणसे आपल्याकडे पाठवू नयेत अशी तक्रारही पोलिसांकडे केली, असे त्याने पुढे सांगितले आहे. छात्र पुन्हा एकदा घरी आला. खटल्याचा डोलारा मुख्यत्वे या भेटींवर आणि छात्रांच्या पेट्यांत सापडलेल्या पुस्तकांवर उभा राहिला. आरोप सैनिकांना बंडास चिथावणी दिल्याचा होता आणि त्यासाठी १९३० च्या लष्करी दंडविधानातील ९४ वे कलम लावण्यात आले.

१७ जानेवारीला पकडलेल्या नाझिमला अंकाऱ्यास नेण्यात आले. सैनिकी विद्यालयाच्या लष्करी न्यायालयात बंद दाराआड सुनावणी झाली आणि २९ मार्च १९३८ रोजी त्याला १५ वर्षांची शिक्षा देण्यात आली. त्याच खटल्यात शिक्षा झालेल्या छात्रांत ए. कादिर हा पुढे कवी म्हणून नावारूपाला आलेला तरुण होता. त्याला १० महिन्यांची शिक्षा झाली. बंड करावयास निघाल्याचा संशय ज्याच्यावर होता त्या सैनिकाला १० महिने, आणि पुस्तके लिहिणाऱ्या मुलकी माणसाला १५ वर्षे, ही तफावत पुरेशी बोलकी आहे. २८ मे रोजी लष्करी अपील न्यायालयाने शिक्षा कायम केली.

अटकेपासून निकालापर्यंत सुमारे दहा आठवडे गेले. लष्करी न्यायाच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते ते हेच, की तेथे कामकाज त्वरेने होते आणि म्हणून आरोपीला मध्यंतरी सोडण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. परंतु या त्वरेची दुसरी बाजू पाहावी. त्या दहा आठवड्यांत नाझिम आपल्या कोठडीबाहेरच्या जगात काहीही करू शकत नव्हता. ज्या दुकानात पुस्तक विकले गेले तेथे जाणे, ज्याच्या देखत छात्राला हाकलले तो साक्षीदार शोधणे, वकिलाबरोबर निवांत बसून बचावाची मांडणी करणे, संपादकांना आणि सहलेखकांना भेटून खटल्याची वस्तुस्थिती लोकांपुढे ठेवणे, हे सारे मोकळ्या माणसाचे व्यवहार होत.

५

पहिला निकाल लागतो न लागतो तोच दुसरा खटला उभा राहिला. युद्धनौकांवरील काही कनिष्ठ अधिकाऱ्यांकडे नाझिमची आणि इतरांची पुस्तके सापडली होती. कादंबरीकार केमाल ताहिर याचा भाऊ नौदलात होता. त्या धाग्याने केमाल ताहिर आणि विचारवंत हिकमत किविलजिम्ली हेही आरोपींच्या पिंजऱ्यात आले. या वेळचे न्यायालय नौदलाचे होते आणि ते जमिनीवरही नव्हते. मार्माराच्या समुद्रात नांगरलेल्या एर्किन या जहाजावर आरोपींना नेण्यात आले आणि १० ऑगस्ट १९३८ पासून तेथेच सुनावणी झाली.

या जहाजावर नाझिमला प्रथम दमेपर्यंत चालावयास लावले आणि मग घाणीने भरलेल्या शौचकूपात कोंडून ठेवले. दुर्गंधीने शुद्ध हरपू लागली तेव्हा आपला छळ करणारे आपल्याकडे पाहत असतील या जाणिवेने तो आठवतील ती सर्व गाणी मोठ्याने म्हणू लागला, अशी हकीकत त्याने पाब्लो नेरूदाला सांगितली आणि नेरूदाने ती आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. हा प्रसंग कवीच्या धैर्याचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितला जातो. आपण त्यातील तारखेकडे लक्ष द्यावे. तो त्या वेळी या खटल्यात दोषी ठरलेला नव्हता. ज्या आरोपाचा न्याय व्हावयाचा होता त्याच आरोपाखाली, ज्यांनी न्याय करावयाचा त्यांच्याच ताब्यात, जेथे कोणी नातलग, वार्ताहर वा मुलकी अधिकारी पोचू शकत नाही अशा ठिकाणी तो होता.

२९ ऑगस्ट १९३८ रोजी त्याला २० वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. केमाल ताहिर आणि किविलजिम्ली यांना प्रत्येकी १५ वर्षे मिळाली. दोन्ही शिक्षा एकत्र करून नाझिमच्या वाट्याला एकूण २८ वर्षे ४ महिने आले. आपण सैन्याला बंडास उठवलेले नाही असे शपथपूर्वक सांगणारे पत्र त्याने राष्ट्राध्यक्ष अतातुर्क यांना लिहिले होते. त्याचा उपयोग झाला नाही. अतातुर्क तेव्हा मृत्युशय्येवर होते आणि १० नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. डिसेंबरअखेर दुसरी शिक्षाही कायम झाली.

६

जामीन ही आरोपीवर केलेली मेहेरबानी आहे, असा एक समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः निकाल लागेपर्यंत आरोपी हा इतर नागरिकांसारखाच नागरिक आहे, या तत्त्वाचे ते व्यवहारातले रूप होय. लष्करी न्यायाची परंपरा या तत्त्वाभोवती वाढलेली नाही. तिच्यापुढे येणारा माणूस सैनिक असतो, तो आधीच हुकमाच्या बंधनात असतो, त्याचे राहणे-खाणे-हिंडणे त्याच्या वरिष्ठाच्या अखत्यारीत असते. त्यामुळे खटल्यापूर्वी त्याला कोठे ठेवावे हा तेथे शिस्तीचा प्रश्न ठरतो. सैनिकाने ही शिस्त सेवेत शिरताना पत्करलेली असते. मुलकी माणसाला त्या न्यायालयात उभे केले की त्याने कधीही न पत्करलेली शिस्त त्याला चिकटते, आणि नागरिक म्हणून त्याच्याजवळ असलेले संरक्षण मात्र दाराबाहेर राहते.

मराठी वाचकाला हा भेद समजण्यासाठी दूर जावयास नको. लोकमान्य टिळकांवर १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांना जामीन प्रथम नाकारला गेला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला. त्या अर्जाच्या कामी टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले दिनशा दावर १९०८ मध्ये स्वतः न्यायमूर्ती होते, आणि बॅरिस्टर जिना यांनी टिळकांसाठी केलेला जामिनाचा अर्ज त्यांनी फेटाळला. या विसंगतीची चर्चा आजही होते. आणि ती होऊ शकते याचे कारण असे, की तेथे अर्ज होता, युक्तिवाद होता, निर्णय होता आणि तो देणारे नाव होते. परकी सत्तेच्या न्यायालयातही जामीन हा उघडपणे मागावयाचा आणि उघडपणे नाकारावयाचा विषय होता. दोन्ही खटल्यांत टिळकांना शिक्षा झाली. तेव्हा जामिनाने निकाल बदलतो असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु १८९७ मध्ये जामिनावर सुटलेले टिळक आपल्या बचावाची तयारी मोकळेपणाने करू शकले, आणि एर्किन जहाजावरील नाझिमला तेवढेही शक्य नव्हते.

७

फेब्रुवारी १९४० मध्ये नाझिमला चांकिरी येथे आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बुर्सा येथे हलवण्यात आले. बुर्साच्या तुरुंगात त्याची पुढील जवळजवळ सगळी वर्षे गेली. ती कामाची वर्षे होती. त्याने तेथे मागावर कापड विणले, विकून घरी पैसे पाठवण्याची धडपड केली, पत्नी पिराये हिला आणि मित्रांना शेकडो पत्रे लिहिली. झेकी बाश्तिमार याच्यासह टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'चे तुर्की भाषांतर केले. सरकारच्याच शिक्षण मंत्रालयाने ते प्रसिद्ध केले, पण त्यावर नाझिमचे नाव येऊ शकले नाही.

याच तुरुंगात त्याला ओरहान केमाल भेटला. लष्करी सेवेत असताना गॉर्की आणि नाझिम यांची पुस्तके वाचल्याच्या कारणाने या तरुणाला ५ वर्षांची शिक्षा झाली होती. तो कविता करी. त्याच्या कविता ऐकून नाझिमने त्याला गद्याकडे वळवले, फ्रेंच शिकवले, वाचनाला वळण लावले. आणि तुर्की कादंबरीला कामगारांचे व गरीब वस्त्यांचे जग देणारा लेखक त्यातून उभा राहिला. खेड्यातून आलेला बालाबान नावाचा कैदी नाझिमच्याच सहवासात चित्रकार झाला.

'माझ्या देशातील मानवी दृश्ये' हे महाकाव्य याच वर्षांत आकाराला आले. १९४१ च्या वसंतात हैदरपाशा स्थानकाच्या पायऱ्यांवर ते सुरू होते आणि आगगाडीतून अनातोलियाभर फिरते. त्यात मजूर आहेत, शेतकरी आहेत, बायका आहेत, गाडीच्या डब्यात पहाऱ्याखाली बसलेले कैदी आहेत. आज उपलब्ध असलेला त्याचा भाग सुमारे १७,००० ओळींचा आहे. हस्तलिखिताचे भाग निरनिराळ्या हातांनी बाहेर गेले आणि त्यांतील काही कायमचे नष्ट झाले.

येथे एका मोहापासून अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. मंडालेने आपल्याला 'गीतारहस्य' दिले असे आपण सहज बोलून जातो. तसे बुर्साने तुर्कस्तानला हे महाकाव्य दिले असेही म्हटले जाते. या बोलण्यात कारागृहाला गुरुकुलाचा मान मिळतो. वस्तुतः १९३८ पूर्वीच नाझिमची शैली सिद्ध झालेली होती. बद्रुद्दीनच्या गाथेत इतिहास, गद्य, लोकगीत आणि मुक्तछंद यांचा मेळ त्याने घातलेला होता. महाकाव्य त्याच्यात होते. कारागृहाने त्याला माणसे दिली हे खरे, पण त्याचे वाचक हिरावून घेतले. १९३८ पासून १९६५ पर्यंत त्याच्या स्वतःच्या देशात त्याचे पुस्तक निघू शकले नाही. वाचक आणि कवी यांच्यातील ही सत्तावीस वर्षांची पोकळी तुर्की साहित्याच्या इतिहासात कशी भरून काढावी, हा प्रश्न अजूनही अभ्यासकांपुढे आहे.

८

खटल्याकडे पुन्हा कायद्याच्या दृष्टीने पाहिले गेले ते अकरा वर्षांनंतर. संपादक अहमद एमिन यालमान यांच्या 'वतन' या वृत्तपत्रात १९४९ पासून नाझिमच्या सुटकेची मागणी होऊ लागली. वकील मेहमेत अली सेब्युक यांनी लेखमालेतून दाखवून दिले की सिद्ध झालेल्या वस्तुस्थितीला लावलेले कलम लागूच होत नाही आणि शिक्षा ही न्यायदानातील चूक आहे. जी चर्चा १९३८ च्या वसंतात व्हावयास हवी होती, ती आरोपीची उमेदीची वर्षे संपल्यावर झाली. पॅरिसमध्ये कवी त्रिस्तान त्झारा यांच्या पुढाकाराने समिती स्थापन झाली आणि हे नाव जगभर पोचले.

हृदयविकाराने खंगलेल्या नाझिमने ८ एप्रिल १९५० रोजी उपोषण आरंभले, मित्रांच्या आग्रहाने थांबवले आणि २ मे रोजी पुन्हा सुरू केले. दृष्टी जवळजवळ गमावलेली त्याची वृद्ध आई इस्तंबूलच्या गलाटा पुलावर मुलासाठी सह्या गोळा करीत उभी राहिली. ओरहान वेली, ओक्ताय रिफात आणि मेलिह जेवदेत या तीन कवींनी पाठिंब्यासाठी उपोषण केले; काव्यविषयक भूमिकेत ते नाझिमपासून दूर होते, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. १४ मे रोजी निवडणुकीत सत्तांतर झाले. १९ मे रोजी उपोषण सुटले. नव्या संसदेने जुलैत सर्वसाधारण माफीचा कायदा केला आणि १५ जुलैला नाझिम बाहेर आला.

माफी आणि निर्दोष सुटका यांत फरक आहे. माफी मिळालेला माणूस कायद्याच्या दप्तरी अपराधीच राहतो. लष्करी न्यायालयांचे निकाल रद्द झाले नव्हते. शिक्षेचा उरलेला भाग तेवढा सोडून देण्यात आला होता. ज्याला खटल्यापूर्वी मोकळे राहता आले नाही, त्याला खटल्यानंतरही स्वच्छ मोकळेपण मिळाले नाही.

त्याच वर्षी जागतिक शांतता परिषदेने त्याला पिकासो, नेरूदा आणि पॉल रोबसन यांच्या बरोबरीने पारितोषिक जाहीर केले. मार्च १९५१ मध्ये मुनेव्वेर हिच्यापासून त्याला मुलगा झाला. आणि याच सुमारास त्याला लष्करी सेवेसाठी हजर होण्याचा हुकूम आला. तो ४९ वर्षांचा होता, हृदयरोगी होता, आणि तीस वर्षांपूर्वीच आजारपणामुळे अपात्र ठरलेला होता. आपण दूरच्या छावणीतून जिवंत परतणार नाही असे त्याला वाटले. १९३८ मध्ये तो मुलकी असूनही सैन्याच्या न्यायासनापुढे गेला होता. आता त्याला सैनिकच करण्यात येणार होते. १७ जून १९५१ च्या पहाटे तो एका लहान वेगवान नावेतून काळ्या समुद्रात निघाला, वाटेत एका रुमानियन जहाजाने त्याला वर घेतले, आणि तो पुन्हा कधीही मायदेशी परतला नाही. २५ जुलैला मंत्रिमंडळाने त्याचे नागरिकत्व काढून घेतले. पुढे त्याने पोलंडचे नागरिकत्व घेतले आणि आईकडील त्या पोलिश पूर्वजाचे बोर्जेंत्स्की हे आडनाव कागदोपत्री लावले. ३ जून १९६३ रोजी सकाळी मॉस्कोत घराच्या दारापाशीच हृदय बंद पडून त्याचा अंत झाला.

९

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला नाझिम परका नाही. १९३२ मध्येच त्याने 'बॅनर्जीने आत्महत्या का केली?' हे कलकत्त्यातील एका क्रांतिकारकाला नायक करणारे दीर्घकाव्य प्रसिद्ध केले होते. भारत त्याने पाहिलेला नव्हता, पण वसाहतीतील तरुणाचे द्वंद्व त्याला आपले वाटले. १९५२ मध्ये सुभाष मुखोपाध्याय यांनी त्याच्या कविता बंगालीत आणल्या, आणि त्या भाषांतराचा बंगाली कवितेवर झालेला परिणाम सर्वज्ञात आहे. उर्दूत त्याला आणणाऱ्यांत फैज अहमद फैज होते. १९५१ च्या रावळपिंडी कटाच्या खटल्यात फैज आणि सज्जाद झहीर या दोघा लेखकांना सैन्याधिकाऱ्यांबरोबर एका खास न्यायाधिकरणापुढे, सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात, बंद दाराआड उभे करण्यात आले होते. फैज यांनी नाझिमच्या कविता उर्दूत उतरवल्या त्यामागे केवळ वैचारिक जवळीक नसावी. त्या वाटेचा अनुभवही समान होता.

५ जानेवारी २००९ रोजी तुर्कस्तानच्या मंत्रिमंडळाने नाझिमचे नागरिकत्व परत दिले. पुढच्या वर्षी, २०१० च्या घटनादुरुस्तीने, युद्धकाळ वगळता सैनिक नसलेल्या व्यक्तीला लष्करी न्यायालयापुढे उभे करण्यास बंदी घालण्यात आली. २०१७ च्या दुरुस्तीने शांतताकाळातील लष्करी न्यायालयेच बंद झाली. नंतर मुलकी न्यायालयांतही लेखक आणि पत्रकार खटल्याआधी दीर्घकाळ तुरुंगात राहिले, ही गोष्ट अर्थात विसरून चालणार नाही. न्यायासनावरचा गणवेश उतरला म्हणजे दार आपोआप उघडते असे नाही. दार उघडण्यासाठी प्रश्न विचारला जावा लागतो, आणि त्या प्रश्नाला कारणांसह उत्तर देण्याचे बंधन कोणावर तरी असावे लागते.

नाझिमची कबर मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत आहे. त्याच्या चरित्रांत १७ जानेवारी १९३८ ते २९ मार्च १९३८ हा काळ एखाद्या वाक्यात आटोपलेला आढळतो, कारण पुढे इतके काही घडावयाचे असते. परंतु पुढचे जे घडले त्याचा पाया त्या दहा आठवड्यांत घातला गेला. त्या काळात तो कायद्याने निरपराध होता आणि तरीही बंद होता. त्याच्या कारागृहातील कवितेविषयी लिहिताना आपण कालगणना शिक्षेच्या दिवसापासून न करता अटकेच्या दिवसापासून करू लागलो, तर एका कवीच्या चरित्रातील राहून गेलेली नोंद पुरी होईल.